ब्लॉकमधली वाळू

गेली अडीच वर्षं आमच्या गॅरेजमध्ये आमची गाडी लागलेली नाही. ती बाहेर उन्हात उभी असते. आत तिच्या जागेवर १९३० सालची एक फोर्ड आहे. आता तिला गाडी म्हणता येतं. आली तेव्हा ते गंजक्या पत्र्याचं खोकं होतं. तळाला हात जाईल एवढी भोकं, छताच्या लाकडी पट्ट्यांचा भुगा, दाराच्या पोकळीत उंदरांनी केलेलं घर. माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. मागच्या गल्लीत एक वयस्कर गृहस्थ राहतात, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. दक्षिण कॅलिफोर्नियात एके काळी विमानांचे कितीतरी कारखाने होते, त्यांतल्या एकात ते आयुष्यभर मशिनिस्ट होते. त्यांच्या परसात हे खोकं ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून होतं. मुलगा त्यांच्याकडं गवत कापायला जायचा. दोन उन्हाळे गवत कापल्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत आणि त्या बदल्यात हे घरी आणलं.

मला आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. ट्रेलरवरून ते खाली घेताना त्याचा हात मला दिसला, बोटांपासून कोपरापर्यंत काळा-तांबडा झालेला, आणि माझ्या पोटात काहीतरी ढवळलं. ती काळजी नव्हती. तो राग होता. कुठून आला, हे कळायला मला बराच वेळ लागला.

मी कोल्हापूरची. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शिवाजी उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे भाग ओतायचे. फौंड्रीत कधी पाऊल न टाकलेल्याला वाटतं, तिथलं मुख्य काम वितळलेल्या लोखंडाचं. खरं काम वाळूचं असतं. लाकडी पॅटर्न वाळूत दाबून साचा करायचा, आणि वस्तूच्या आत जिथं पोकळी हवी तिथं वाळूचाच गाभा बसवायचा. त्याला कोअर म्हणतात. कोअर भाजून कडक करायचा, कारण चारी बाजूंनी तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड आलं तरी तो जागचा हलता कामा नये. आणि लोखंड थिजल्यावर मात्र हातोडीच्या दोन ठोक्यांत भुगा होऊन बाहेर यायला हवा. इतकं घट्ट आणि इतकं ठिसूळ, दोन्ही एकाच वाळूत आणायचं. अण्णा वाळूत काकवी मिसळायचे. गुळाच्या गावात काकवीला काय तोटा! संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला जळक्या काकवीचा वास यायचा. सगळ्यांच्या वडलांना असाच वास येतो, असं मला लहानपणी वाटायचं.

नखांतली काळी रेघ मात्र कधी गेली नाही. आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग लाकडाचा भुसा आणि साबण. लग्नकार्याला निघायचं असलं की उंबऱ्यावर बसून काडीनं एकेक नख कोरायचे. आईनं त्यांच्यासाठी गडद निळा टॉवेल वेगळा ठेवला होता. घरातल्या पांढऱ्या टॉवेलाला त्यांनी कधी हात लावला नाही.

नववीत असताना शाळेनं पालकांना बोलावलं होतं. मी अण्णांना म्हटलं, तुम्ही नका येऊ, आईला पाठवा. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. त्या दिवशी ते पाळी लवकर संपवून आले होते, अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आई एकटी आली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

खरं तर अण्णांचंही सांगणं तेच होतं. 'हात काळं करायचं काम माझ्यापाशी थांबू दे,' म्हणायचे. मी शिकले, पुण्याला गेले, संगणकात शिरले, इकडं आले. घरातली काळी रेघ एका पिढीत पुसली गेली, आणि तेवढ्यासाठी तर अण्णा तीस वर्षं भट्टीपुढं उभे राहिले होते. आणि आता माझा एकुलता एक मुलगा स्वतःच्या पायांनी गंजात जाऊन बसला होता. माझा राग तिथला होता.

हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी स्वतःच्या हातानं कापून-बदलून बांधलेली जुनी गाडी. हे त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी अर्धंच ऐकलं. पुढं स्वतः वाचत गेले तशी त्यात गुंतत गेले.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की मोहावीचं वाळवंट लागतं. तिथं पाणी आटून गेलेली तळी आहेत, तळ सारवलेल्या अंगणासारखा सपाट आणि टणक. म्युरॉक, एल मिराज, हार्पर ही त्यांची नावं. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत शहरातली पोरं जुन्या फोर्ड घेऊन तिकडं जायची. फोर्डच का? तर १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टीच्या दीड कोटी गाड्या निघाल्या होत्या, आणि १९२८ ते १९३१ मध्ये मॉडेल ए आणखी पन्नास लाखांच्या आसपास. भंगाराच्या कुठल्याही आवारात त्या पडलेल्या असायच्या, अगदी थोड्या डॉलरांत मिळायच्या. पोरं त्यांची मडगार्डं काढायची, बंपर काढायची, जे जे वेगाच्या कामाचं नाही ते सगळं काढून टाकायची. नवं काही बसवायला पैसे नव्हते, वजन कमी करायला पैसे लागत नव्हते. मग शनिवारी रात्री निघून पहाटे तळ्यावर, आणि वारा सुटायच्या आत जेवढं पळता येईल तेवढं पळायचं.

१९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. वेळ नीट मोजली जावी आणि माणसं मरू नयेत, अशी साधी गरज होती. म्युरॉक पुढं लष्करानं घेतलं, आजचा एडवर्ड्स हवाई तळ तिथंच आहे. युद्ध लागलं, पोरं पांगली. त्या काळात वीडा ऑर नावाची बाई, जी स्वतः त्या तळ्यांवर गाडी पळवायची, क्लबांचं बातमीपत्र काढत राहिली आणि ते जगभर पसरलेल्या सैनिकांना पाठवत राहिली. कुठल्या तरी बेटावर चिखलात बसलेल्या पोराच्या हातात गावाकडच्या गाड्यांची बातमी पडत असेल, तेव्हा त्याला काय वाटत असेल! मला या सगळ्या इतिहासात ही बाई सगळ्यांत जवळची वाटते.

परत आले ते हाताला विमानांचं आणि रणगाड्यांचं काम शिकून आले. बिल बर्कनं पॅसिफिकमध्ये लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावायच्या इंधनाच्या टाक्या पाहिल्या होत्या, माशासारख्या निमुळत्या. १९४६ साली त्यानं तसल्या एका टाकीला चाकं आणि इंजिन बसवून ती तळ्यावर पळवली. त्याच वर्षी लष्करातून सुटून आलेल्या अॅलेक्स झिडियसनं बरबँकमध्ये वेगवान गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. एड इस्केंडेरियन हा अर्मेनियन कुटुंबातला मुलगा. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, घासण्याचं एक यंत्र मिळवलं आणि त्यातून आयुष्यभराचा धंदा उभा केला. ही नावं आमच्या घरात आता अशी घेतली जातात जशी माहेरी महादबा मेस्त्रींचं आणि वाय. पी. पोवारांचं घेतलं जायचं. उद्यमनगर ज्यांनी उभं केलं ती माणसंही अशीच, हातात पुस्तक येण्याआधी पाना आलेली.

फोर्ड घरी आली त्या वर्षीच्या मेमध्ये काका आम्हाला एल मिराजला घेऊन गेले. असोसिएशनच्या शर्यती तिथं आजही होतात. पहाटेची थंडी, दाताखाली कचकचणारी बारीक माती, आणि क्षितिजावर एका ठिपक्यामागं उठत जाणारा धुरळ्याचा उभा पडदा. आवाज नंतर यायचा. काकांनी हात वर करून बोट दाखवलं, आणि मुलगा काहीही न बोलता त्या दिशेला पाहत राहिला. घरात त्याला दोन मिनिटं एका जागी बसवता येत नाही. तिथं तो सकाळपासून दुपारपर्यंत उभा होता.

जुन्या पद्धतीचा हॉट रॉड बांधणाऱ्यांचा एक नेम असतो. गाडी अशी दिसली आणि चालली पाहिजे की १९५० च्या सुमाराला कुणा पोरानं ती बांधली असती. भागही त्या काळापर्यंतचे. आजचं एखादं नवंकोरं इंजिन आणून बसवलं तर काम सोपं होतं, ताकद तिप्पट मिळते आणि रस्त्यात बंद पडायची भीती राहत नाही. मी त्याला हे सुचवलं होतं. तो म्हणाला, 'आई, मग मला काही शिकायलाच लागणार नाही.' शाळेतल्या कुठल्याही विषयाबद्दल हे वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलेलं नव्हतं.

जुनी गाडी कापणं हे पाप आहे, असं मानणारेही खूप लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. चांगल्या स्थितीतली, मूळ भागांची मॉडेल ए असती तर तिला करवत लावू दिली नसती. पण ज्या पत्र्याचा निम्मा भाग मातीत गेलाय, त्याला नवा जन्म द्यायचा तर कापावंच लागतं. त्यानं तळाचा कुजलेला पत्रा कापून काढला आणि नवा जोडायला घेतला. काकांनी वेल्डिंग शिकवलं. पहिला जोड पायानं दाबल्याबरोबर तडकला. त्यानं तो ग्राइंडरनं घासून काढला आणि परत केला. परत तडकला. रात्री साडेदहाला मी जेवायला हाक मारली तेव्हा नवव्यांदा घासत होता. दहावा टिकला. त्यावर दोन्ही पायांनी उड्या मारून त्यानं मला दाखवलं.

मूळ चासीची पट्टी आतल्या बाजूनं उघडी असते, पन्हळीसारखी. तिच्यावर चाळीस अश्वशक्तीचं इंजिन होतं. आता शंभराचं बसणार, म्हणून पोलादी पट्ट्या जोडून ती बंद डब्यासारखी करून घेतली. पुढचा आस चार इंच खाली बसवला, त्यानं गाडीचं नाक जमिनीकडं झुकतं. मॉडेल एचे ब्रेक सळयांनी ओढले जाणारे, ते काढून १९४० च्या फोर्डचे तेलाच्या दाबावर चालणारे घातले. सीट बेल्ट त्या काळच्या गाडीत नसायचे, तेव्हा तेही नकोत असं त्याचं म्हणणं होतं. तिथं मी ऐकलं नाही. बेल्ट बसले.

राहिलं इंजिन. फ्लॅटहेड व्ही-८, इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेलं. हे सांगायचं तर अण्णांपाशीच यावं लागतं.

मेच्या शेवटी अण्णा आले, सहा महिन्यांसाठी. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. पंच्याहत्तरीचे, गुडघे दुखतात, इंग्रजी येत नाही. पहिले पंधरा दिवस खिडकीत बसून रिकामा रस्ता बघायचे. नातवाशी बोलणं म्हणजे 'जेवलास का' आणि 'हो आजोबा'. त्याचं मराठी एवढंच, आणि तो दोष माझा आहे. गॅरेजचं दार मी बंदच ठेवत होते. त्यांनी ज्यातून मला बाहेर काढलं ते माझ्याच घरात चाललंय, हे त्यांना दाखवायची मला लाज वाटत होती.

एका दुपारी आतून ठोक्याचा आवाज आला आणि अण्णा उठून उभे राहिले. आवाजाच्या दिशेनं नुसते चालत गेले. मी मागं. गॅरेजमध्ये लाकडी ओंडक्यांवर इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचं ओतीव लोखंडी धड, ठेवलेला होता, १९५० सालच्या फोर्डमधला. पोमोनाच्या जुन्या भागांच्या बाजारातून पहाटे अंधारात बॅटरी लावून हुडकून आणलेला, तेलानं आणि धुळीनं माखलेला.

अण्णांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. देवळात मारतात तशी, उजव्या हातानं. मग वाकून एका बाजूच्या चार सिलिंडरांत पाहिलं, पलीकडं जाऊन दुसऱ्या चारांत पाहिलं, खाली क्रँकची जागा पाहिली. सांधा शोधत होते. सांधा नव्हता.

'एकाच दमात ओतलंय हे?' त्यांनी मला विचारलं.

मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, हो. आणि मग त्यानं सांगितलेलं मी मराठीत सांगत गेले. १९३२ च्या आधीही आठ सिलिंडरांची अशी इंजिनं होती, पण ती बहुतेक तुकडे जोडून केलेली, महागड्या गाड्यांतली. फोर्डनं त्या वर्षी सिलिंडर आणि खालचं घर सगळं एकत्र ओतायचं ठरवलं, म्हणून आठ सिलिंडरांचं इंजिन स्वस्त गाडीत आलं. पहिलं पासष्ट अश्वशक्तीचं होतं. अमेरिकेत १९५३ पर्यंत हीच जात थोड्याफार बदलांनी चालली. जुनी होऊन ती भंगारात येऊ लागली तशी ती पोरांच्या हाती पडली.

अण्णा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष ब्लॉकवर होतं. बोटानं हवेत रेघा ओढत होते. 'आठ भोकं. भोवती पाण्याची पोकळी. आणि त्या पाण्यातनंच ह्या धुराच्या वाटा काढल्यात व्हय? किती कोअर बसवलं असतील रं एका साच्यात! एक हलला की सगळा नग भट्टीत परत.' माझ्या वडलांना इतकं सलग बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

धुराच्या वाटा त्यांनी बरोबर हेरल्या होत्या. या इंजिनात झडपा ब्लॉकमध्येच असतात, वरचं झाकण सपाट, म्हणून ते फ्लॅटहेड. जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून, थंडाव्यासाठी फिरणाऱ्या पाण्याच्या बाजूनंच बाहेर जातो. मधल्या दोन सिलिंडरांना तर मिळून एकच वाट, त्यामुळे चार सिलिंडरांना तीन नळ्या. पाणी तापतं. फ्लॅटहेडवाल्यांची सगळ्यांत मोठी चिंता तापण्याची, आणि तापून ब्लॉकला तडा जाण्याची.

'हातोडी दे,' अण्णा म्हणाले. मराठीतच. मुलानं दिली. अण्णांनी ब्लॉकच्या एका कोपऱ्यावर हलकेच टोला दिला आणि डोळे मिटले. मग दुसऱ्या कोपऱ्यावर. कुंभाराकडं माठ घेताना बायका वाजवून बघतात ना, तसं. आवाज बद्द आला तर माठ परत. इथं आवाज खणखणीत आला, लांबपर्यंत रेंगाळला.

'खडू हाय का घरात? आणि रॉकेल?'

दोन्ही मिळालं. झडपा आणि सिलिंडर यांच्यामधली जागा, जिथं हे ब्लॉक हमखास तडकतात, ती अण्णांनी चकचकीत घासून घेतली. तिला रॉकेल लावलं, दहा मिनिटं थांबले, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड पसरली. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल पुडीत उतरतं आणि एक ओली रेघ उमटते. आम्ही तिघं त्या पांढऱ्या पुडीकडं बघत बसलो. तेवढ्यात काका आले. त्यांनी खडू पाहिला, अण्णांकडं पाहिलं, आणि काही न विचारता चौथ्या बाजूला एक डबा उपडा घालून बसले. त्यांच्या कारखान्यातही म्हातारे लोक असंच करायचे, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. अर्धा तास झाला. पूड कोरडी राहिली. पुढं शहरातल्या मशिन शॉपमध्ये चुंबकीय तपासणी केली, तिथंही तडा निघाला नाही.

पण अण्णांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी एक जाड तार घेतली, तिचं टोक आकड्यासारखं वळवलं आणि पाण्याच्या पोकळीच्या एका भोकातून आत घातली. खाली वर्तमानपत्र पसरलं. तार फिरवून बाहेर ओढली तसा गंजाचा चुरा पडला, मग तांबडे पापुद्रे, मग काळसर ढेकळं. एक ढेकूळ त्यांनी उचललं, अंगठा आणि दोन बोटांत चुरडलं, उजेडात धरलं, नाकाशी नेलं. परत चुरडलं.

'ही गंजाची माती न्हाई,' ते म्हणाले. 'ही आपली वाळू हाय.'

मला कळलं नाही. त्यांनी माझा हात ओढला आणि तळव्यावर ते ठेवलं. एकसारखे गोल कण, प्रत्येकावर भाजल्याचा काळा लेप. कोअरची वाळू. १९५० साली कुणी तरी हा कोअर हातानं बसवला, लोखंड ओतलं गेलं, ब्लॉक थंड झाला, वाळू झटकली, आणि एका वाकणात एवढी चिकटून राहिली. त्या ब्लॉकमधून किती पाणी वाहिलं असेल, ती तिथंच होती. पुढच्या वेळी तारेला अडकून एक गंजलेला तारेचाच तुकडा आला. अण्णा हसले. कोअरला बळकटी यावी म्हणून आत तार घालतात. 'मी पण अशाच घालायचो,' म्हणाले.

'का राहिली असेल आत?' मुलानं विचारलं. मी मराठी केलं.

'राहतीच थोडी. शेवटचा नग असंल. भोंगा झाला असंल, माणूस घरला गेला असंल.' त्या अनोळखी मोल्डरबद्दल ते असं बोलत होते जणू तो शेजारच्या आळीत राहायचा.

तीन दिवस ते काम चाललं. मुलगा एका भोकाशी, अण्णा दुसऱ्या. माझ्याकडं बॅटरी धरायचं काम. मापांची अडचण पडली नाही. मी मिलिमीटरवाली, पण अण्णा जुन्या वळणाचे, इंच आणि सूत यांत मोजणारे, आणि मुलगाही इंचातच वाढलेला. 'दोन सूत आत' म्हटलं की त्याला पाव इंच हे दुसऱ्या दिवसापासून आपोआप कळायला लागलं. चहा गाळायच्या जुन्या गाळणीनं त्यांनी सगळा भुगा चाळला. जवळजवळ अर्धा किलो वाळू निघाली.

तिसऱ्या संध्याकाळी दोघं हात धुवायला आले. चार हात सिंकवर, चारही काळे, आणि मुलाच्या नखांत ती रेघ. नेमकी तीच. माझा राग कुठं गेला, मला माहीत नाही. तो शोधायला मी आत पाहिलं तर तिथं नववीतली मी होते, आणि इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले अण्णा. मला त्यांना काही सांगायचं होतं. शब्द आले नाहीत.

अण्णा म्हणाले, 'एखादं जुनं फडकं दे पुसायला.' मी कपाटातला पांढरा टॉवेल काढला, पाहुण्यांसाठी ठेवलेला, आणि त्यांच्या हातात दिला. ते घेईनात. 'घाण हुईल,' म्हणाले. मी म्हटलं, 'होऊ दे, अण्णा.' त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग दोन्ही हात त्यात पुसले. सावकाश, एकेक बोट.

तो टॉवेल गॅरेजमध्ये खिळ्याला आहे. मी धुतलेला नाही.

खंडेनवमीला त्यांनी गॅरेज झाडून घेतलं. उद्यमनगरात त्या दिवशी भट्टी बंद असायची, हत्यारांची पूजा व्हायची. लहानपणी मला त्या दिवशी आत जाता यायचं, लेथला झेंडूच्या माळा आणि मालकांकडून पेढा. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला दसरा चौकात गर्दीत अण्णांच्या खांद्यावर बसून राजघराण्याची मेबॅक मोटार पाहायची. इथं झेंडू किराणा दुकानाबाहेर कुंडीत मिळाला. पाने, हातोड्या, वेल्डिंगचा चष्मा, सगळं पाटावर मांडलं. ब्लॉकवर हळदकुंकू. काकांनी खिशातून स्वतःचा मायक्रोमीटर काढला, मखमली डबीतला, आणि विचारलं, हा ठेवला तर चालेल का. अण्णांनी तो दोन्ही हातांत घेऊन मधोमध ठेवला.

नोव्हेंबरात अण्णा परत गेले. इंजिन अजून उघडंच होतं. जाताना औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत चमचाभर वाळू घेऊन गेले. आता कोल्हापुरात ती टीव्हीच्या शेजारी आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

पुढचं काम हिवाळाभर आणि वसंतभर चाललं. सिलिंडर तीस थाउ, म्हणजे इंचाचे तीस हजारांश, मोठे करून घेतले, नवे पिस्टन आले. दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर मुलानं स्वतः खोलून, उकळत्या पाण्यात धुऊन, जुळवले. ९७ हा आकडा त्यांच्या अंगावरच ओतलेला असतो, आतल्या गळ्याचा व्यास ०.९७ इंच म्हणून. जूनमधल्या एका रात्री इंजिन पहिल्यांदा धडधडलं. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. फ्लॅटहेडचा आवाज ओरडा नसतो, घसा साफ करून कुणी खालच्या पट्टीत बोलावं तसा असतो. मुलगा इंजिनाकडं पाहतच नव्हता, त्यानं काकांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. काकांनी मान हलवली तेव्हा त्यानं श्वास सोडला.

मग नोंदणी, विमा, त्याचं सोळाव्या वर्षीचं लायसन, त्यात उन्हाळा गेला. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला तो म्हणाला, 'आई, चल.' अजून रंग नव्हता, अंगावर तांबडा प्रायमर. मी शेजारी बसले. आतून ती गाडी फार लहान आहे, आमचे खांदे एकमेकांना लागत होते. डोंगराकडं चढत जाणारा रस्ता त्यानं मुद्दाम घेतला होता. पायाखालच्या पत्र्यातून ऊब येत होती, मधूनच पेट्रोलचा वास, आणि त्याचा हात गिअरच्या लांब दांड्यावर. तो रस्त्याकडं बघत होता, आणि दर अर्ध्या मिनिटानं पाण्याच्या मीटरकडं. काटा हळूहळू वर सरकत होता. मीही रस्ता सोडून काट्याकडंच बघायला लागले.

वर मोकळ्या जागेत त्यानं गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि फोन लावला. कोल्हापुरात संध्याकाळचे सात वाजून गेलेले. अण्णांचा चेहरा पडद्यावर आला, कपाळच जास्त. त्यानं फोन फिरवून इंजिन दाखवलं. मी वाट पाहत होते, ते शाबास म्हणतील, डोळे पुसतील.

'पानी किती तापलं?' अण्णांनी विचारलं.

मुलानं मीटर पाहिला. 'एकशे ऐंशी, आजोबा. फॅरनहाइट.' आकडा मराठीत. मी शिकवलेला नव्हता.

तिकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. अण्णा मनात गणित करत असावेत.

'चढाला?'

'चढाला.'

'मग निघाली सगळी वाळू,' अण्णा म्हणाले.